पंचांचा कागद आणि सरकारचा शिक्का

श्रीवर्धनहून दिघी बंदराकडे जाताना बोर्ली पंचतन हे गाव लागते. जवळच दिवेआगरचा समुद्र, भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या, सखल भागात भाताची खाचरे. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबासमवेत आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर येथे दोन दिवस राहिलो. यजमान त्या कुटुंबाचे जुने स्नेही, सत्तरी ओलांडलेले, एके काळी गावकीत पंच म्हणून बसलेले. गावाच्या नावातच पंच आहेत, असे ते थट्टेने म्हणत. आम्हीही ती व्युत्पत्ती म्हणून नव्हे, थट्टा म्हणूनच येथे नोंदवितो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माळ्यावरच्या पेटीतून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. शेजारच्या घराशी त्यांचा वाडीच्या बांधावरून वाद होता. (ती वाडी कोणती, हे आम्ही मुद्दामच लिहीत नाही.) पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावकीच्या बैठकीत तो मिटला. मुद्रांकावर तसे लिहून झाले, दोन्हीकडच्या पुरुषांनी सह्या केल्या, पंचांनी केल्या आणि ज्यांच्या नावे ती जमीन होती त्या शेजारच्या वृद्धेने डाव्या हाताचा अंगठा उठविला. आता तिची नातवंडे म्हणतात की हा कागद आम्हास बांधील नाही. यजमानांचा प्रश्न सरळ होता : “फादर, ह्या कागदाला वजन किती?”

आम्ही वकील नाही. सेमिनरीत ख्रिस्तसभेचे विधिशास्त्र शिकलो आणि पुढे पंचवीस वर्षांच्या सेवेत बांध, विहीर, वाटणी, मोडलेली सोयरीक अशा नाना वादांत मध्ये बसावे लागले, एवढीच आमची शिदोरी. परंतु प्रश्न मनातून जाईना. घरी परतल्यावर आम्ही त्याचा माग काढू लागलो आणि ध्यानात आले की हा प्रश्न एका वाडीचा नाही. मराठी मुलूख तो दोनशे वर्षे विचारीत आला आहे.

मराठेशाहीतील न्यायाचे कागद वाचले की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की निकालाआधीच निकालाची बांधिलकी लिहून घेतली जात असे. वादी-प्रतिवादी पंचायतीपुढे आले की आरंभी दोघांकडून राजीनामा घेत. आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद; त्या काळी तो राजी असल्याचा लेख होता, पंच देतील तो निवाडा मान्य करू अशी कबुली. तिच्या जोडीला जामीन द्यावा लागे. मग दोघांच्या तकरिरी म्हणजे जबान्या, साक्षी, जुने कागद आणि क्वचित दिव्य. शेवटी निवाडपत्र होई आणि हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेत : आपला पक्ष खोटा ठरला, यापुढे या बाबतीत कथळा करणार नाही, असे त्याने स्वतः लिहून द्यावयाचे. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा सारा व्यवहार अस्सल कागदांच्या आधारे मांडला आहे.

गावच्या गोतसभेत पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारही बसत. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची चिन्हे काढीत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांची साक्षही अशी कागदावर उतरत असे. निवाडा पटला नाही तर थळ बदलून मागण्याची, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे वाद नेण्याची वाटही अगदीच बंद नव्हती. पुण्यास रामशास्त्री प्रभुण्यांसारखे न्यायाधीश असतानाही पुष्कळसे दिवाणी वाद पंचायतीकडेच सोपविले जात.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. तापलेल्या लोखंडाला हात लावून खरे-खोटे ठरविणारी सभा आपण परत मागणार नाही. सभेतील प्रत्येकाच्या शब्दाला सारखे मोल नव्हते. जातीची उतरंड सभेबाहेर राहत नसे, आणि वतनाच्या वादात पक्षकार म्हणून एखादी विधवा दिसली तरी पंच म्हणून स्त्री दिसत नाही. तरीही एक गोष्ट त्या लोकांना नेमकी कळली होती. तडजोड टिकावी असे वाटत असेल तर माणसाचा होकार आधी घ्यावा, शेवटीही घ्यावा, आणि मधल्या काळात त्याला मागे फिरू न देईल असा कोणी जामीन उभा असावा. पंच निवाडा करीत, परंतु त्याच्या मागे पाटील, देशमुख, सरकार असे कोणीतरी असे.

इतिहासाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. ज्या पेशव्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते ते भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे. तेथील देशमुखी त्यांच्याकडे होती आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यामुळे त्यांना गाव सोडावे लागले. बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. त्यांचे मूळ गाव मात्र पुढे जंजिरा संस्थानात राहिले. श्रीवर्धन, बोर्ली पंचतन हा सारा टापू १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत नवाबाच्या अंमलाखाली होता. त्यामुळे आता आपण ज्या इंग्रजी कायद्यांकडे वळणार आहोत ते शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात आले तरी येथे थेट लागू नव्हते. कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. आज जिल्हा न्यायालय अलिबागेस आहे, आणि बोर्लीहून अलिबाग गाठावयाचे तर दिघीहून आगरदांड्यास फेरीबोटीने खाडी ओलांडा, नाहीतर सगळा वळसा घ्या. तारखेमागून तारीख पडली की या प्रवासाचा अर्थ गरीब माणसास समजतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखाची घडी बसविण्याचे काम माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आले. १८१९ च्या त्याच्या अहवालात पंचायतीवर बराच मजकूर आहे आणि तो एकांगी नाही. पंचांना वेतन नाही म्हणून ते जमत नाहीत, जमले तर काम लांबते, साक्षीदारास बोलावण्याची सत्ता त्यांच्या हाती नाही आणि निवाड्याची बजावणी दुसऱ्याच्या मर्जीवर; हे दोष त्याने पाहिले. सावकाराने कर्जदाराच्या दारात तगाद्याला माणूस बसवावा किंवा स्वतः धरणे धरावे, हा वसुलीचा प्रकारही त्याने नोंदविला. तरीही ‘पंचमुखी परमेश्वर’ म्हणणाऱ्या लोकांची ही संस्था मोडू नये, तिच्यातील दोष काढून ती चालवावी, असे त्याचे मत होते.

ती चालली नाही. कारणे अनेक सांगतात. आमच्या मते एक पुरेसे आहे. पूर्वी पंचायत नाकारणाऱ्यास जावयास दुसरी जागा फारशी नव्हती. आता मुन्सफाची कचेरी होती, वर अपील होते, त्याच्यावर आणखी अपील होते. ज्याला वेळ काढावयाचा आहे तो पंचांपुढे कशाला येईल? आणि ज्या पंचांचा शब्द वरच्या कचेरीत उलटा होऊ शकतो, त्या पंचांनी आपला दिवस तरी का मोडावा? १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेत सातवे रेग्युलेशन लवादासाठी होते. लवादाची वाट कायद्यात राहिली, राबता कचेरीकडे वळला.

कचेरीचा न्याय कोणाच्या पदरात पडला, हे १८७५ साली दिसले. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे रोजी बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख होता तो मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. दख्खनचे दंगे म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. लिहिता-वाचता न येणारा कुणबी रोख्यावर अंगठा उठवी, सावकार त्या रोख्यावर दावा लावी, समन्स मिळो न मिळो, एकतर्फी हुकूमनामा होई. कागद शेतकऱ्याच्या अंगठ्याचा होता, परंतु त्यातील मजकूर त्याचा नव्हता. म्हणून लोकांनी कागदच जाळले.

चौकशीसाठी आयोग बसला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील सहावे प्रकरण फार मोलाचे, कारण समेट या गोष्टीस सरकारी कायद्यात स्वतंत्र अधिकारी मिळाला तो येथे. कायद्याने ‘कन्सिलिएटर’, म्हणजे समेट घडविणारे, नेमण्याची तरतूद केली. पोलीस अधिकारी सोडून कोणाही व्यक्तीस सरकार या कामी नेमू शके. त्याच्यापुढे वकिलांना उभे राहण्यास मनाई होती. शेतकऱ्याविरुद्ध दावा लावण्यापूर्वी सावकाराने आधी त्याच्याकडे जावयाचे, त्याने दोघांना बोलावून मिटविण्याचा यत्न करावयाचा, आणि मिटले नाही तर तसा दाखला द्यावयाचा. त्या दाखल्यावाचून न्यायालय दावा घेत नसे. मिटले तर करार लिहून न्यायालयाकडे जाई, हरकती ऐकल्या जात, आणि तो दाखल झाला की त्यास हुकूमनाम्याचे बळ येई.

कागदावर पाहिले तर ही रचना आजच्या कित्येक कायद्यांहून सुबक आहे. जुन्या राजीनाम्याची आठवण यावी अशी होकाराची पायरी, आणि शेवटी सरकारचा शिक्का. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८१ पासून याच कायद्याखाली दुय्यम विशेष न्यायाधीश म्हणून दुय्यम न्यायालयांची तपासणी करीत गावोगाव हिंडले आणि १८८७ साली विशेष न्यायाधीश झाले. परंतु सक्तीच्या समेटाचे जे व्हावयाचे ते झाले. दाखला हाच हेतू झाला. समेट ही दाखल्याच्या वाटेवरची एक पायरी उरली. ज्या सावकाराला दावाच लावावयाचा आहे तो समेटाच्या बैठकीत कशासाठी झुकेल? आणि ज्या शेतकऱ्याला रोख्यातले आकडे वाचता येत नाहीत, त्याच्या ‘संमती’ला अर्थ कितीसा? काही तडजोडी खऱ्या झाल्या, काहींत सावकाराला दावा न लावताच हुकूमनामा मिळाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ही समेटाची पद्धत गुंडाळण्यात आली.

त्याच सुमारास पुण्यात दुसरा प्रयोग झाला, तो सरकारबाहेर. पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनी रानड्यांच्या पाठबळाने लवाद कोर्टाची चळवळ उभारली. लोकांनी आपखुशीने यावे, प्रतिष्ठित गृहस्थांनी विनावेतन निवाडा करावा, कोर्टाचा खर्च वाचावा, असा तो बेत. त्यास सुरुवातीला चांगला प्रतिसाद मिळाला. ते टिकले मात्र जोवर माणसे टिकली तोवर. या दोन प्रयोगांत आम्हास या विषयाचे सारे दुखणे दिसते : एकीकडे शिक्का होता आणि होकार पोकळ झाला, दुसरीकडे होकार होता आणि शिक्का नव्हता.

या दुखण्याशी ख्रिस्तसभेचाही जुना परिचय आहे, म्हणून दोन शब्द. संत पौलाने करिंथच्या भाविकांना दटावले, की तुम्ही आपसातले तंटे बाहेरच्या न्यायासनापुढे नेता, तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? पुढे बादशहा कॉन्स्टन्टाइन याने ३१८ साली पक्षकारांना आपला वाद बिशपांकडे नेण्याची मोकळीक दिली. ३३३ साली त्याने त्यापुढे जाऊन सांगितले, की दोघांपैकी एकाने मागितले तरी पुरे, दुसऱ्याची संमती नको. हे फार झाले. ३९८ साली बादशहा आर्केडियस याने दोन्ही पक्ष राजी असतील तरच बिशपाने वाद ऐकावा असा निर्बंध घातला. ऐंशी वर्षांत कायदा होकारापासून निघून होकारापाशी परत आला. या मधल्या काळात आफ्रिकेतील हिप्पो येथे संत ऑगस्टीन बिशप झाले. त्यांचा चरित्रकार पोसिडियस सांगतो की ते लोकांचे वाद ऐकत कधी जेवणवेळेपर्यंत, कधी सबंध दिवस उपाशी बसत. हे काम त्यांना आवडत नसे, आणि ते त्यांनी लपविलेले नाही. कोणत्याही प्रमुख धर्मगुरूस त्यांच्याविषयी यामुळे अधिक जिव्हाळा वाटावा. १९८३ च्या विधिसंहितेतील १४४६ वे कलमही शक्यतो खटले टाळून सलोख्याने मिटवावे असेच सांगते.

आता स्वराज्याच्या काळाकडे येऊ. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ ने न्यायपंचायती दिल्या. किरकोळ दिवाणी व फौजदारी कामे त्यांच्याकडे होती. गावचे राजकारण न्यायाच्या चटईवर येऊन बसले आणि १९७० च्या दशकात महाराष्ट्रात त्या बंद झाल्या. त्याबद्दल फारसे कोणी रडल्याचे दिसत नाही. गरिबास न्याय परवडावा म्हणून १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ हा अनुच्छेद आला. गुजरातेत १९८२ साली तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातील उना येथे भरलेली लोकअदालत पहिली मानली जाते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये अमलात आला. या अधिनियमाने लोकअदालतीत झालेल्या तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा दिला. तिच्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते. दावा लावण्यापूर्वीचा वादही तेथे नेता येतो, हे आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९ व्या कलमाने, जे १ जुलै २००२ पासून लागू झाले, चालू खटलेही लवाद, समेट, लोकअदालत वा मध्यस्थीकडे पाठविण्याची वाट उघडली. या कलमाची एक हकीकत मौजेची आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी ‘न्यायिक तडजोड’ आणि ‘मध्यस्थी’ या दोन शब्दांच्या व्याख्या एकमेकींच्या जागी घातल्या होत्या. २०१० साली ॲफकॉन्स विरुद्ध चेरियन वर्की या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चूक दाखविली आणि दोन शब्द उलटे करून वाचावेत असे सांगितले. मध्यस्थी म्हणजे काय, याबाबत संसदेच्या कागदातही घोळ होऊ शकतो, तर गावकीच्या कागदाला किती हसावे?

घोळाचीच गोष्ट निघाली म्हणून आमची एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, दोन भावांची वाडीची वाटणी आमच्या पुढाकाराने मिटली. कागद आम्हीच लिहिला, शुद्ध मराठीत लिहिला आणि त्याचा थोडा अभिमानही बाळगला. ‘आज रोजी आम्ही खालीलप्रमाणे वाटप करून घेत आहोत’ असे त्यात होते. चार वर्षांनी धाकट्याने मन बदलले. वकिलांनी कागद वाचला आणि म्हणाले, “फादर, भाषा उत्तम आहे, पण क्रियापद चुकले.” स्थावर मालमत्तेत कागदानेच नवा हक्क निर्माण होत असेल तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे तो नोंदवावा लागतो, न नोंदविल्यास त्याचा पुरावा म्हणून फारसा उपयोग होत नाही. परंतु कुटुंबात आधीच तोंडी व्यवस्था ठरली असेल आणि कागद केवळ तिची आठवण म्हणून नंतर लिहिला असेल, तर नोंदणीची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली काळे यांच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला आहे. ‘करून घेत आहोत’ ऐवजी ‘पूर्वी करून घेतली आहे’ हे सत्य होते, आणि तेच आम्ही लिहावयास हवे होते. व्याकरणाचे आमचे गुरुजी हयात असते तर त्यांना हे ऐकून समाधान वाटले असते. त्या दोघा भावांना मात्र पुढे न्यायालयात जावे लागले.

येथवर आपण बिनदाताच्या तडजोडीविषयी बोललो. रायगडच्या किनाऱ्यावर तडजोडीला दातही आहेत, आणि ते फार तीक्ष्ण आहेत. गावकी ही कोकणातील जुनी व्यवस्था. देवळाचा उत्सव, पाणवठा, मसणवट, रस्ता, सणांचा मान, भांडणतंटा, सारे ती पाहते. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांचे मंडळ तिचा दुसरा हात असते. तिने कित्येक घरे मोडण्यापासून वाचविली आहेत. पण जो निवाडा मानत नाही त्याला दंड, आणि दंड भरत नाही त्याला वाळीत टाकणे, हेही तिचेच काम. वाळीत टाकले म्हणजे दुकानदार माल देत नाही, लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, त्या घराशी बोलणाऱ्यासही दंड. २०१० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील अशी प्रकरणे वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत एकामागून एक आली.

कायद्याने या दातांना हात घातला तो पहिल्यांदा नव्हे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृतीस प्रतिबंध करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा पंथाच्या सय्यदनांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ पोकळी राहिली. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून लोकांचे संरक्षण करणारा अधिनियम संमत केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. सामाजिक बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. रायगडची वाळीत प्रकरणे नसती तर हा कायदा इतक्या लवकर झाला असता असे आम्हास वाटत नाही.

सरकारने स्वतःही गावाच्या तडजोडीस हाक दिली होती. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावी, जुने-नवे तंटे समोपचाराने मिटवावेत, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावास बक्षीस मिळावे. हजारो तंटे मिटले यात शंका नाही. परंतु बक्षिसासाठी मिटविलेला तंटा आणि दाखल्यासाठी केलेला समेट यांचे नाते जवळचे आहे, असे १८७९ चा कायदा वाचलेल्या माणसास वाटल्यावाचून राहत नाही. गाव बक्षिसाच्या उंबरठ्यावर असताना एकटीच बाई ‘मला तडजोड मान्य नाही’ असे म्हणू शकते काय?

या साऱ्याच्या शेवटी संसदेचा मध्यस्थी अधिनियम २०२३ उभा आहे. १४ सप्टेंबर २०२३ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची काही कलमे अमलात आली; सगळी एकदम नव्हेत. भारतात मध्यस्थीसाठी म्हणून झालेला हा पहिला स्वतंत्र कायदा. मध्यस्थीत झालेला लेखी करार न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येईल, असे त्याचे सत्ताविसावे कलम म्हणते. फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी यांसारख्या कारणांवरच त्यास आव्हान देता येते. मध्यस्थीत बोललेले गुप्त राहते. काम एकशेवीस दिवसांत पुरे करावयाचे, फार तर आणखी साठ.

परंतु गावासाठी या कायद्यात वेगळे प्रकरण आहे, त्रेचाळीस व चव्वेचाळीस ही दोन कलमे. एखाद्या परिसरातील रहिवाशांची शांतता व सलोखा बिघडविणारा वाद असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करावा. त्यांनी तिघा मध्यस्थांचे मंडळ नेमावे. मध्यस्थ समाजात मान असलेले, सचोटीचे लोक असावेत, आणि त्यांच्या यादीत स्त्रियांना स्थान देण्याचा विचार करता येईल, असेही त्यात आहे. दोन अटी महत्त्वाच्या. पहिली, दोन्ही पक्षांची आधी संमती पाहिजे. दुसरी, अशा सामुदायिक मध्यस्थीतून झालेला करार शांतता राखण्यासाठी असेल, पण तो हुकूमनामा म्हणून बजावता येणार नाही.

ही दुसरी अट वाचून आमचे काही वकील मित्र हसले. बजावता येत नाही तर कशाला करावयाचा? आम्हास मात्र ती अट लिहिणाऱ्याने गावे पाहिली असावीत असे वाटते. दोन व्यापाऱ्यांच्या मध्यस्थीत कोणीही उठून जाऊ शकतो. गावात उठून जाणे म्हणजे घर सोडून जाणे. जेथे ‘नाही’ म्हणण्याची किंमत एवढी मोठी, तेथल्या ‘हो’वर सरकारने आपला शिक्का न मारणे हेच शहाणपणाचे. शिक्का हवा असेल तर लोकअदालतीपुढे जावे, जेथे निदान न्यायाधीशाच्या समोर पुन्हा एकदा विचारले जाते : हे तुम्हास मान्य आहे ना?

हे सारे जमल्यावर आम्ही यजमानांना दूरध्वनी केला आणि समजले तसे सांगितले. कागद हुकूमनामा नाही. सह्या करणाऱ्यांमधला तो करार आहे. बांध कोठे आहे हे दोघांनी मान्य केल्याची ती नोंद असेल आणि इतकी वर्षे दोन्ही घरे त्याप्रमाणे वागली असतील, तर न्यायालय त्याकडे अगदीच दुर्लक्ष करणार नाही. परंतु तो सिद्ध करावा लागेल. अधिक बरे हे, की दोन्ही घरांनी मिळून तालुका विधी सेवा समितीकडे जावे, दाव्यापूर्वीच्या लोकअदालतीत वाद ठेवावा, आणि नव्याने मिटला तर त्यास हुकूमनाम्याचे बळ येईल.

“नव्याने म्हणजे त्या पोरांना पुन्हा विचारायचे?” त्यांनी विचारले.

“हो. त्यांनाच.” मग आम्ही त्या अंगठ्याविषयी विचारले. आजी त्या दिवशी बैठकीला होत्या काय?

पलीकडून काही वेळ काहीच आवाज आला नाही. “बायका बैठकीला बसत नाहीत, फादर,” ते म्हणाले. “कागद आम्हीच तिच्या पडवीत नेला. शाईचा डबा माझ्या हातात होता. वाचून दाखवला की नाही, ते मात्र आता आठवत नाही.”

गणपतीला मुंबईकर गावी आले की आपण स्वतः शेजारच्या घरी जाऊ, असे त्यांनी आम्हास सांगितले.